वेल लॉगमधला गहाळ सॉनिक मशीन लर्निंगने कसा भरायचा

वेल लॉग म्हणजे विहिरीत खोलीप्रमाणे घेतलेली मोजमापं, आणि सॉनिक म्हणजे खडकातून आवाजाची लाट जायला किती वेळ लागतो त्याची नोंद. ती काही भागात नसेल तर बाकीच्या लॉगवरून तिचा अंदाज काढायचा. आधी लास फाईल (लॉगचे आकडे ठेवायची टेक्स्ट फाईल) उघडा आणि -९९९.२५ कुठे कुठे आहे ते बघा, ती रिकामी जागा असते, खरी व्हॅल्यू नाही, तशीच मॉडेलला दिलीत तर सगळा विचका होणार. मग कॅलिपर, म्हणजे भोकाचा व्यास मोजणारा लॉग, बघा. भोक बिटच्या (ड्रिलच्या टोकाच्या) साईजपेक्षा बरंच मोठं झालंय तिथं डेन्सिटीवर भरवसा ठेवू नका, मोजणाऱ्या यंत्राचा पॅड भिंतीला नीट टेकतच नाही ना, मग ते भोकातल्या ड्रिलिंगच्या चिखलाचीही डेन्सिटी वाचतं. असे पट्टे ट्रेनिंगमधून काढून टाका.

इनपुटला गॅमा रे (खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता), डेन्सिटी, न्यूट्रॉन (सच्छिद्रतेचा अंदाज देणारा) आणि रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) हे लॉग पुरे, फक्त रेझिस्टिव्हिटीचा लॉगॅरिदम घ्या कारण ती ०.२ पासून २००० ओहम मीटरपर्यंत पळते. मॉडेल रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट (दोन्ही डिसिजन ट्रींवर चालणारी), डीप लर्निंगच्या नादाला लगेच लागू नका.

आता खरी गोम. ट्रेनिंग आणि टेस्टसाठी डेटा रँडम स्प्लिट करायचा नाही! रीडिंग दर अर्ध्या फुटाला असतं, शेजारशेजारचे आकडे जवळपास सारखेच, त्यामुळे स्कोअर मस्त दिसतो आणि नवीन विहिरीत मॉडेल तोंडावर आपटतं. एक अख्खी विहीर बाजूला ठेवा, तिच्यावर टेस्ट करा, आणि सोबत गार्डनरच्या सूत्राने (डेन्सिटी आणि लाटेचा वेग यांचं साधं जुनं नातं) काढलेला सॉनिकही प्लॉट करा, त्याच्यापेक्षा बरं येत नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

भरलेला भाग वेगळ्या कर्व्हमध्ये ठेवा, सोबत फ्लॅग (हा अंदाज आहे अशी खूण) लावा, मूळ लॉगवर चढवू नका. गॅसच्या झोनमध्ये जरा जपूनच, ट्रेनिंगमध्ये गॅस नसेल तर मॉडेल काहीही ठोकून देतं.