आउटबोर्डखाली तेलाचा डाग? आधी वास घ्या, पाना नंतर

पावसात होडी वर काढलेली, आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, पडवीत स्टँडवर टांगलेलं, आणि चतुर्थीच्या आधी कधीतरी खाली बघितलं तर सिमेंटवर हा एवढा डाग. लगेच सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलं म्हणून खोलायला जाऊ नका. मी खोलून घेतलं होतं, सीलं बदलली, पैसे गेले, आणि आठ दिवसांत डाग परत तिथंच. निघालं काय, तर खालच्या ड्रेन स्क्रूचा (तेल काढायच्या स्क्रूचा) वॉशर, जुना दबलेलाच परत लावलेला.

पहिलं काम म्हणजे तेल कुठलं ते ओळखणं. बोटाला लावा, वास घ्या. गियर ऑइल, म्हणजे खालच्या गियरबॉक्समधलं तेल, जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. फोर स्ट्रोकचं इंजिन ऑइल त्यापेक्षा पातळ, वापरलेलं असेल तर काळं. मोठ्या इंजिनाला पॉवर ट्रिम (बटणाने इंजिन वरखाली कलवायची सोय) असेल तर त्याचं हायड्रॉलिक तेल एकदम पातळ, ते ब्रॅकेटजवळ सापडेल. आणि टू स्ट्रोक असेल तर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मधून, एक्झॉस्टमधून काळं पाणचट गळतं ते बहुतेक वेळा लीक नसतंच, पेट्रोलात मिसळलेलं, अर्धवट जळलेलं तेल असतं. टू स्ट्रोकला तेलाचा सम्पच (इंजिनाखालची तेलाची टाकी) नाही, त्यामुळे "इंजिन ऑइल गळतंय" म्हणून कोणी घाबरवलं तर हसून सोडा.

आता जागा. थेंब जिथं पडतो तिथं लीक असेलच असं नाही, तेल वरून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थांबतं. म्हणून इंजिनाचा सगळा पाय (पाण्यात जाणारा खालचा भाग) पुसून कोरडा करा, वर थोडी टाल्कम पावडर मारा, खाली पुठ्ठा ठेवा आणि रात्रभर तसंच. सकाळी पावडरीत ओली रेघ दिसेल, ती वर कुठून सुरू होते ते बघा.

गियर ऑइल असेल तर गियरबॉक्सच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही स्क्रूंचे वॉशर आधी. ते स्वस्त असतात, दर वेळी नवीनच घाला. मग पंखा काढा, स्प्लिट पिन, नट, वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडून ठेवा. आमच्याकडे गोव्यात शापोरा नदीच्या तोंडाला तुटकी जाळी नि तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) तरंगत असतं, ते शाफ्टला गुंडाळतं, आत घुसतं आणि सील कापतं. माझ्या मते बाकी कशापेक्षा हेच जास्त वेळा असतं. तंगूस सापडलं तर काढलं आणि झालं असं नाही, सील तपासायलाच हवं.

खालचा स्क्रू सोडून थोडं तेल काचेच्या बाटलीत घ्या. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. गियरबॉक्स तापतो, थंड पाण्यात आकुंचतो आणि खराब सीलमधून पाणी ओढतो, म्हणजे तेल बाहेर तसं पाणी आत, आणि खारं पाणी बेअरिंग खातं. असं इंजिन चालवू नका.

खात्री करायची तर तेल काढून, खालचा स्क्रू परत लावून, वरच्या स्क्रूच्या जागी गेज लावलेला हातपंप बसवा, हवा हळूहळू १० पीएसआयपर्यंतच भरा, पाच मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा सांगतील. जास्त हवा भरली तर चांगलं सीलही जाईल. नवीन तेल खालच्या भोकातून भरा, वरून बाहेर येईपर्यंत, आणि आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा.

फोर स्ट्रोकवाल्यांसाठी एक वेगळी गंमत. इंजिन टेम्पोत चुकीच्या कुशीवर झोपवून आणलं तर तेल सिलिंडरमध्ये, एअर बॉक्समध्ये जातं आणि कव्हरखालून ठिबकतं. कुठल्या कुशीवर ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. तसं झालंच तर प्लग काढून, किल स्विचची क्लिप काढून, दोरी हळू ओढा आणि तेल बाहेर येऊ द्या, नाहीतर प्लग लावूनच ओढलं तर आत काहीतरी वाकायचं. डिपस्टिक बघताना इंजिन सरळ उभं हवं. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तेलात पेट्रोल उतरतंय, मग गळती सोडा, आधी कार्बोरेटर आणि फ्युएल पंप बघा.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, नदीत नको, तिथल्याच तिसऱ्या (शिंपले) आपण खातो.