केबिन क्रूची नोकरी करताना तब्येत कशी सांभाळायची?

सांगली-मिरजेकडची पोरंपोरी आता केबिन क्रूत, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणाऱ्या एअर होस्टेस-स्टुअर्डच्या नोकरीत, जायला लागलीत. घरच्यांना काळजी विमान पडायची, पण रोजचा त्रास वेगळाच, सर्दी, कान, पोट आणि झोप.

१. पाणी: विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतली हवा ६ ते ८ हजार फुटांवर असते तेवढी विरळ असते. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार, म्हणजे त्याच्याही वर तुम्ही ट्रॉली ढकलताय. वर ओलावा २० टक्क्यांच्या आत, त्यामुळे तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी पीत राहा. टॉयलेटला जायला लागेल म्हणून पाणी टाळणारे पण असतात, मग उन्हाळी लागली की बसा रडत.

२. खाणं: वर पोटातला गॅस फुगतो, म्हणून ड्युटीच्या आदल्या रात्री मटकीची उसळ, मिसळ नको. भडंग लेओव्हरला, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधल्या मुक्कामाला, हॉटेलवर खा, खारट असतो, तहान वाढवतो. खिशात तासगावचा बेदाणा बरा.

३. कान: हे नीट वाचा. सर्दीत नाकातनं कानाकडे जाणारी नळी सुजते, विमान उतरताना केबिनचा दाब वाढतो आणि तो आत पोचत नाही, पडदा आत ओढला जातो, कधी फाटतोसुद्धा. म्हणून नाक चोंदलं असेल तर सरळ सिक कळवा, रोस्टरवाले (ड्युट्या लावणारे) कुरकुरले तरी. उतरताना गिळत राहा, जांभई द्या, तरी कान नाहीच सुटला तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंका, जोर नको. आणि आजीनं दिलेलं द्राक्षासव किंवा कुठलंही कफ सिरप कंपनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात अल्कोहोल असू शकतं आणि श्वासातली दारू तपासणाऱ्या ब्रेथ अ‍ॅनालायझरला आजी माहीत नसते.

४. झोप: नाइट फ्लाइट असेल तर दुपारी झोपून घ्या, पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यात जास्त पेंगतं. झोपायच्या सहा तास आधीपासून कॉफी बंद, खोली काळोखी. रात्रपाळी संपवून मुंबई-पुण्याहून स्वतः गाडी हाणत सांगली गाठायचा शहाणपणा करू नका, खंबाटकी घाटात डुलकी लागली म्हणजे संपलं. घरी पोचल्यावर आई पाहुण्यांकडे चल म्हणणारच, पहिला दिवस झोपेचा हे आधीच सांगून ठेवा.

५. पाय-पाठ: प्रेशरचे मोजे घाला, ओझं उचलताना गुडघ्यात वाका.

गरोदर असाल तर कळल्या कळल्या कंपनीला आणि डॉक्टरला सांगा, उंचावर किरणोत्सर्ग जमिनीपेक्षा जास्त असतो.