अंदमानला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा, या चुका टाळा

पहिल्या ट्रिपला आम्ही नील बेटावरचा नॅचरल ब्रिज, म्हणजे खडकाची नैसर्गिक कमान, बघायला सकाळी अकराला गेलो, पॅकेजच्या कागदावर तीच वेळ होती, आणि बघतो तर भर भरती, कमानीपर्यंत जाताच येईना, अर्धा तास उन्हात उभं राहून मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत गेलो तर किनारा ओळखू येईना! पाणी पार मागे गेलेलं, खडकांच्या खळग्यांत घोटाभर पाणी, त्यात काळी समुद्रकाकडी (नाव काकडी, पण प्राणी) निवांत पडलेली आणि एक मोठा शिंपला, निळ्या-जांभळ्या मखमलीसारख्या ओठांचा, वरून हाताची सावली पडली की हळूच मिटायचा. मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, टाइड चार्ट, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, न बघता प्लॅन करणं. नेटवर फुकट मिळतो, तारीख टाकून बघा आणि मगच ड्रायव्हरला वेळ सांगा. भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे मित्राच्या ट्रिपची वेळ तुम्हाला उपयोगाची नाही, आणि कोकणातला तिथीवरून काढायचा हिशोबही तिथे लावू नका, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते.

दुसरं, सूर्यास्त. अंदमान मुंबईच्या साधारण 20 अंश पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवून, झोप काढून, चहा पिऊन साडेपाचला हॅवलॉक बेटाच्या राधानगर बीचवर पोचणारे कितीतरी लोक अंधारात फोटो काढताना दिसतात, फार वाईट वाटतं हो, एवढ्या लांब येऊन. साडेतीनला तिथे असा. उलट पहाट लवकर होते, तिचा फायदा घ्या.

तिकिटावरच्या नावांनी गोंधळू नका, 2018 पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि 2024 पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम.

आता फेरी, म्हणजे बेटांमधली प्रवासी बोट. हॅवलॉकवरून सकाळच्या फेरीने येऊन दुपारचं विमान पकडायचा प्लॅन अजिबात करू नका, समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि मग कोणीच काही करू शकत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा आणि सेल्युलर जेल त्या दिवसासाठी राखून ठेवा म्हणजे दिवस वाया जात नाही. सात विंगांपैकी तीनच उरल्यात, पण सावरकरांच्या कोठडीपाशी आपला मराठी माणूस थांबतोच, तिथे घाई नको.

स्नॉर्कलिंग करताना दमलात तर कोरलवर उभं राहू नका, तो दगड नाही, जिवंत आहे, पायाखाली मोडतो. गाइडच्या रिंगला धरा. बारातांग बेटाच्या रस्त्यावर जारवा आदिवासी दिसले तर मोबाइल खाली ठेवा, त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि खाऊ वगैरे तर मुळीच देऊ नका. मुलांनी खिशात भरलेले शंख आणि कोरलचे तुकडे बीचवरच परत ठेवायला लावा, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते.