फुटबॉल नव्याने बघताय? या चुका टाळा

क्रिकेटवर पोसलेला माणूस फुटबॉल बघायला बसला की चेंडूवरची नजर हलवतच नाही. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मैदानावर बावीस जण, चेंडू एकाच्या पायात. बाकीचे कुठे पळतायत, कुठली जागा मोकळी करतायत, यावर पुढचा पास ठरतो. पहिली दहा मिनिटं फक्त एका टीमचे बॅक, म्हणजे आपला गोल राखणारे मागचे खेळाडू, बघा. एकजण हात उंचावून ओरडतो आणि सगळे चार पावलं पुढे सरकतात. बॅकची ती रेघ एकदा दिसली की ऑफसाइड, म्हणजे गोलाजवळ फार पुढे उभं राहण्याची चूक, निम्मी कळली.

उरलेला निम्मा क्षणाचा प्रश्न. चेंडू मिळाला तेव्हा खेळाडू कुठे होता ते धरत नाहीत. सहकाऱ्याने पास मारला तेव्हा कुठे होता ते धरतात. त्या क्षणी समोरच्यांच्या हाफमध्ये, चेंडूच्याही पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असून तो खेळात आला, तर ऑफसाइड. बरोबरीत असला तर चालतं. चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू करतात त्या थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतोच.

2022 च्या वर्ल्डकपमधली अर्जेंटिना-सौदी अरेबिया मॅच मिळाली तर जरूर बघा. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे 3 गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले, कारण सौदीचे बॅक आपला गोल सोडून पार पुढे येऊन उभे होते. केवढी जोखीम! सौदीने मॅच 2-1 मारली. वर्ल्डकप मात्र शेवटी अर्जेंटिनानेच नेला.

90 मिनिटं झाली म्हणून उठू नका. घड्याळ थांबत नाही, वाया गेलेला वेळ शेवटी भरून देतात, आणि त्यासाठी बोर्डावर दाखवतात तो मिनिटांचा आकडा कमीत कमी असतो. बाद फेरीतली 30 मिनिटांची अतिरिक्त वेळ वेगळी.

आणि नुसत्या टीव्हीवर शिकू नका. कॅमेरा चेंडूमागेच धावतो, बॅकची रेघ बऱ्याचदा चौकटीबाहेर राहते. कोल्हापूरजवळ असाल तर शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीची मॅच गाठा; तिथले फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात. पायऱ्यांवर जरा वर बसा, म्हणजे अख्खं मैदान एका नजरेत येतं. काही अडलं तर शेजारच्या काकांना विचारा. हातातले शेंगदाणे बाजूला ठेवून समजावून सांगतील.