“नो कन्सर्न्स” ऐकून निर्धास्त होऊ नका

इंग्लंडातल्या पहिल्या पेरेंट्स इव्हिनिंगला बाई दहा मिनिटांत सांगतील, “लव्हली बॉय, नो कन्सर्न्स.” मीही ते ऐकून खुशीत घरी आलो होतो. वर्षभराने लक्षात आलं, पोरगा वाचत नव्हताच. चित्रं बघून अंदाजाने गोष्ट सांगत होता. वर्गात शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाईंना तो दिसलाच नाही.

ब्रिस्टलच्या संशोधकांनी 2009 मध्ये अकरा वर्षांच्या मुलांचं शिक्षकांनी केलेलं मूल्यमापन आणि बाहेर तपासलेल्या परीक्षेचे गुण शेजारी ठेवून पाहिले. सरासरीने कृष्णवर्णीय मुलांना शिक्षकांनी गुणांपेक्षा कमी लेखलेलं निघालं, भारतीय आणि चिनी मुलांना जास्त. ऐकायला गोड वाटतं, पण “इंडियन मुलं हुशारच” या समजाखाली आपल्या पोराची अडचण झाकली जाते.

म्हणून आकडा मागून घ्या. इयर वनला (पाच-सहा वर्षांची मुलं) जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचता येतो का याची, तपासणी होते: 40 शब्द, त्यातले 20 बनावट, अर्थ नसलेले. पास होण्याची रेषा बहुतेक वर्षी 32 वर असते. गंमत म्हणजे चांगलं वाचणारं पोरही ‘स्ट्रॉम’ असा बनावट शब्द दिसला की ‘स्टॉर्म’ म्हणून मोकळं होतं. तेव्हा 30 आले तर लगेच घाबरू नका, कुठले शब्द चुकले ते विचारा.

उलटही घडतं. गुण छान, तरी बाई म्हणतात मदत लागेल. आपल्याला लगेच “म्हणजे आमचं पोर ढ?” असं झोंबतं. भांडू नका. सूचना ऐकून कामाला लागणं, इतर मुलांत मिसळणं हे त्या 40 शब्दांत दिसत नाही, बाईंना रोज दिसतं. फक्त मूल ऑगस्टमध्ये जन्मलेलं असेल तर आठवण करून द्या, की त्याच वर्गातलं सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल जवळजवळ वर्षाने मोठं आहे. आणि घरी मराठी बोलतात एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं ठरवता येत नाही. सरकारी नियमावलीतच तसं लिहिलंय. मराठी बंद करायची तर अजिबात गरज नाही.

प्रत्येक शाळेत ‘सेन्को’ म्हणजे जादा मदतीची व्यवस्था बघणारे शिक्षक असतात. फाटकापाशी उभ्या उभ्या बोलू नका, ईमेल करून वेळ घ्या. जाताना मुलाचं घरचं मराठी वाचन कसं आहे तेही सांगा. आमच्याकडे तेच विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं.