एका ट्यूबलाइटवर घर चालत नाही: दिव्यांचे थर कसे लावावेत

संध्याकाळी ओट्यापाशी कांदा चिरायला उभे राहा. ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असेल, तर सुरीवर तुमचीच सावली पडते. जास्त वॉटची ट्यूब आणली तरी सावली जात नाही. म्हणून नवे दिवे आणण्याआधी एवढं करा.

१. सावल्या शोधा. रात्री घरभर फिरा: ओटा, आरसा, अभ्यासाचं टेबल, शिलाई मशीन. जिथे हातावर सावली पडते तिथे पेन्सिलने खूण करा.

२. कामाचे दिवे आधी लावा. बहुतेक जण फॉल्स सीलिंगपासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे संपवतात. ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. मागे टाइल्सला चिकटवली तर भिंत उजळते, हाताखाली मात्र उजेड कमीच. पट्टी उघडी ठेवली तर ग्रॅनाइटमध्ये दिव्यांचे ठिपके दिसत राहतात. दुधी झाकणाच्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवा. तिचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा छोटा डबा, शेगडी आणि सिंकपासून लांब, पण हात पोचेल असा ठेवा. बिघडतो तो बहुधा तोच. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा टेबल लॅम्प डावीकडे, डावखुऱ्याचा उजवीकडे. आरशाला दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर दिवे हवेत. फक्त वरून उजेड आला तर दाढी करताना हनुवटीखालचं काही दिसत नाही.

३. मग खोलीभरचा उजेड. खोक्यावर वॉटऐवजी ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. १० बाय १२ फुटांच्या खोलीला साधारण १५०० ते २००० ल्युमेन पुरतात, म्हणजे २० वॉटची एक एलईडी ट्यूब किंवा ९ वॉटचे दोन बल्ब. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा नको, खोलीभर उजेड लपलपतो.

४. शोभेचे दिवे शेवटी, एक-दोनच. एखादं चित्र, देवघर. आमच्या देवघरातला दिवा समई लावली की बंद होतो. समईसमोर त्याचं काय काम?

५. रंग ठरवा. उजेडाचा रंग खोक्यावर केल्विनमध्ये लिहिलेला असतो: ६५०० केल्विन निळसर पांढरा, ४००० मधला, २७०० ते ३००० पिवळसर. ओट्याला आणि अभ्यासाला ४०००, बसायच्या-झोपायच्या खोलीला ३०००. एका छतावर दोन रंग नकोत. कपड्यांच्या कपाटापाशी सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० चा दिवा घ्या, नाहीतर काळा आणि नेव्ही ब्लू ओळखू येत नाहीत.

६. कामाचे, खोलीभरचे आणि शोभेचे, अशा प्रत्येक थराला वेगळं बटण. हे भिंती फोडायच्या आधी इलेक्ट्रिशियनला कागदावर काढून द्या. न सांगता तो सगळे दिवे एकाच बटणावर घेतो. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवा असेल तर बल्बही डिमेबलच हवा, साधा लुकलुकतो. भाड्याच्या घरात प्लगवर चालणारे उभे दिवे आणि क्लिपचे लॅम्प चालतात.

बोर्डांच्या जागा पक्क्या करण्याआधी पलंगाच्या जागी चटई टाकून आडवे व्हा. दिवा घालवायला उठावं लागणार असेल, तर दाराशी एक आणि उशाशी एक असा टू-वे स्विच सांगायचा राहिला आहे.