जपलेल्या वस्तूला भाषण करायला लावू नका: या चुका टाळा

मुलगा किंवा मुलगी मोठी होत जाते, अशा कादंबऱ्यांची बाडं माझ्याकडे वाचायला येत असतात. जवळपास प्रत्येकात जिवापाड जपलेली एखादी वस्तू असतेच: घड्याळ, पेन, वही, अंगठी. त्याला माझी हरकत नाही. त्या वयात माणसं भरवशाची वाटत नाहीत, वस्तू वाटतात. पण वस्तू आली की नवा लेखक नेमकी तिथेच माती खातो, आणि तीही ठरलेल्या जागी.

प्रतीक समजावून सांगणं

ही माझी सर्वांत नावडती चूक. एका बाडात नायकाकडे वारलेल्या वडिलांचं मनगटी घड्याळ होतं. प्रकरण संपत आलं की तो घड्याळाकडे बघायचा आणि लेखक लगबगीने पुढे यायचा. घड्याळ म्हणजे थांबलेला काळ, घड्याळ म्हणजे बापाची सावली, घड्याळ म्हणजे हरवलेलं बालपण. मी विचारलं, पट्टा कसला आहे? माहीत नव्हतं. चावीचं की सेलवरचं? तेही नाही. मोठ्या माणसाचं घड्याळ बारा वर्षांच्या पोराच्या मनगटावर राहतं तरी कसं? बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "कर्कटकाने पट्ट्याला जास्तीचं भोक पाडलं असेल त्याने."

मग एवढं सगळं सोडून ते भोक का नाही लिहिलंत? थोडं तिरकं, जोर लावून पाडलेलं, कडेने फाटत गेलेलं. आणि पुढे कधीतरी, शेवटाच्या बऱ्याच आधी, बकल त्या भोकातून निघून वडिलांच्या वापराने सैल झालेल्या जुन्या भोकात जाऊन बसतं. बस. त्याने तसं लिहिलं, छान लिहिलं, आणि खाली पुन्हा जोडलं की आता तो वडिलांएवढा झाला होता. ती ओळ मी खोडली. तो रुसला. "पण वाचकाला कळणार कसं?" अहो, भोक बदललेलं वाचकाने पाहिलंय. त्यावर तुम्ही निरूपण केलंत की त्याच्या हाताला काहीच उरत नाही.

जे. डी. सॅलिंजर या अमेरिकी लेखकाच्या 1951 सालच्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीत नायकाच्या वारलेल्या धाकट्या भावाचा बेसबॉलचा हातमोजा आहे. भाऊ डावखुरा. मैदानात उभं असताना काहीच घडत नसेल तेव्हा वाचायला काहीतरी असावं म्हणून त्याने मोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या. खोलीतला सोबती नायकाला आपल्यासाठी निबंध लिहायला सांगतो, खोली किंवा घर असा काहीतरी वर्णनाचा विषय. हा लिहितो त्या मोज्याविषयी. सोबती भडकतो, नायक निबंध फाडून टाकतो. मोज्याचा अर्थ काय, हे कुणीच सांगत नाही. हिरवी शाई आणि फाटलेला कागद एवढ्यावर भागतं.

ऐन वेळी वस्तू फुटणं

नायकाचं मन मोडलं त्याच संध्याकाळी वस्तूही मोडते. इतकी आज्ञाधारक वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. फोडायचीच असेल तर आधी फोडा, क्षुल्लक कारणाने, आणि मोडकी वस्तू घेऊन त्याला वावरू द्या. माझ्या मते मोडण्या-हरवण्यापेक्षा हातबदल जास्त काम करतो. सॅलिंजरचीच लाल शिकारी टोपी बघा: नायक ती बहिणीला देऊन टाकतो, शेवटाकडे तीच ती परत त्याच्या डोक्यावर घालते. फुटत काही नाही. पण सांभाळणारा कोण आणि सांभाळून घेतलं जाणारं कोण, याची अदलाबदल होऊन जाते.

बाकीच्या, थोडक्यात

तयार प्रतीकं: पिंजरा, तडकलेला आरसा, वहीत वाळलेलं गुलाब. इंटरनेटवरच्या 'कशाचा अर्थ काय' छाप याद्यांतून ही उचलली जातात आणि तशी ती ओळखूही येतात. एखादी बिनमहत्त्वाची वस्तू घ्या, पोराकडून ती भरपूर वापरवून घ्या, अर्थ मागाहून चढतो. ज्यांना तो पहिल्याच पानावर हवा असतो, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

एका पोराला तीन-तीन जपलेल्या वस्तू. एक ठेवा.

पहिल्या प्रकरणात उशाखाली असलेली वस्तू मधली शंभर पानं बेपत्ता आणि शेवटी अचानक खिशात. यावर माझी सवय सांगते: बाड पूर्ण झालं की वस्तूचा प्रत्येक उल्लेख एका कागदावर उतरवायचा. कितवं पान, कोणाच्या हातात, कोणत्या अवस्थेत, तिचं काय केलं. मग बाड बाजूला ठेवून नुसता तो कागद वाचायचा. 'बघितलं, बघितलं, छातीशी धरलं, बघितलं' असं दिसलं, तर वस्तू शोकेसमध्ये आहे. ती उसनी द्या, गहाण टाका, तिच्यावरून भांडण लावा, कधी तिची लाज वाटू द्या. तेरा-चौदाव्या वर्षी काल जपलेल्या गोष्टीची आज मित्रांसमोर लाज वाटते. हे बाडांत मला फार क्वचित सापडतं.

आणि कादंबरीला त्या वस्तूचं नाव द्यायची घाई नको. वाचक पहिल्या पानापासून तिच्यावर डोळा ठेवून बसतो, आणि मग वरचा सगळा खटाटोप दुप्पट कठीण होतो.